खेड्यातला जुना इंग्लिश पब: पाटीवरचं साल आणि माळ्यावरची काजळी

प्रश्न थोडक्यात असा आहे: सुट्टीच्या दिवशी आम्ही वॉरिकशरमधल्या एका खेड्यात पबमध्ये जेवायला गेलो होतो. दारावरच्या पाटीवर ‘सन १३८०’ लिहिलेलं होतं. आत डोक्याला लागतील इतक्या खाली काळ्या तुळया, आणि त्या एका जुन्या जहाजाच्या आहेत असं बारमागच्या माणसाने सांगितलं. हे खरं असतं का? सहाशे वर्षांपूर्वी पब बांधायची काही ठरलेली पद्धत होती का? आणि आपल्यासारख्याने नुसतं बघून इमारतीचं वय कसं ओळखायचं?

मी इंग्लंडमध्ये जुन्या लाकडी सांगाड्याच्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते आणि त्यांतले बरेच पबच असतात. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला मनापासून आवडेल.

आधी सरळ उत्तर. खेड्यातला जुना पब बहुधा पब म्हणून बांधलेला नसतो. मुळात ते एखाद्या खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचं घर असतं, आणि घराचा पब व्हायला मध्ये दोनशे, तीनशे, कधी चारशे वर्षं गेलेली असतात. ‘पबचं स्थापत्य’ असं वेगळं काही शोधायला गेलात तर फारसं हाती लागत नाही. घर कसं होतं आणि पुढच्या प्रत्येक पिढीने त्यात काय फेरफार केले हे शोधलंत, तर अख्खी इमारत उलगडते. पाटीवरचं साल कशाचंही असू शकतं: त्या जागेचा कागदोपत्री पहिला उल्लेख, शेजारच्या चर्चची एखादी तारीख, किंवा आधीच्या मालकाने ऐकलेली गोष्ट. आणि जहाजाची कथा जवळजवळ प्रत्येक पबमध्ये सांगतात, समुद्रापासून कितीतरी मैल आत असलेल्या पबमध्येसुद्धा.

आता मूळ घराकडे या. पंधराव्या शतकातलं मिडलंड्समधलं, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागातलं, बऱ्या परिस्थितीतल्या शेतकऱ्याचं घर तीन-चार खणांचं असे, एकेक खण साधारण पंधरा-सोळा फुटांचा. मधला एक किंवा दोन खण म्हणजे मुख्य दालन. त्याला माळा नाही, वरचा मजला नाही. जमिनीवर उभं राहून मान वर केली की थेट आढं दिसायचं. दालनाच्या मधोमध जमिनीवरच चूल. धुरांडं नाही. धूर वर जाऊन छपराच्या काडातून आणि आढ्याजवळ ठेवलेल्या झरोक्यातून बाहेर पडायचा. दालनाच्या एका टोकाला समोरासमोर दोन दारं आणि त्यांच्यामधून आरपार जाणारी बोळ. बोळीपलीकडे दोन लहान खोल्या, एक पिंपं आणि पेयं ठेवायची, दुसरी पाव आणि धान्यसामानाची. दालनाच्या दुसऱ्या टोकाला घरमालकाची खासगी खोली. काही घरांत बोळीपलीकडच्या भागात माणसांच्या ऐवजी गुरं असत.

हा सांगाडा ओकच्या ओल्या लाकडाचा असे. वाळलेला ओक पटाशीला दाद देत नाही, म्हणून झाड तोडलं की साधारण वर्ष-दोन वर्षांत ते वापरून टाकत. सुतार आपल्या आवारात जमिनीवर आडवी मांडणी करून सगळे जोड बसवून बघायचा, प्रत्येक जोडावर खूण कोरायचा, मग सगळं सुटं करून गाडीने जागेवर नेऊन उभं करायचा. या खुणा आजही दिसतात. आकडे रोमन पद्धतीचे, पण चारसाठी चार उभ्या रेघा आणि नवासाठी पाचाच्या खुणेपुढे चार रेघा. कारण सरळ आहे: लाकूड उलटं पडलेलं असलं तरी चार आणि सहा यांत घोटाळा होता कामा नये. जोड लोखंडी खिळ्यांनी नाही, ओकच्या खुंट्यांनी पक्के केलेले. खुंट्यांची भोकं दोन लाकडांत मुद्दाम किंचित पुढेमागे पाडत, म्हणजे खुंटी ठोकताना जोड आपोआप आवळला जाई. ठोकायच्या त्या सांगाड्याच्या दर्शनी बाजूने. त्यामुळे एखाद्या आतल्या भिंतीत खुंट्या कोणत्या बाजूने ठोकल्या आहेत एवढं पाहिलं, तरी कोणती खोली मानाची होती ते कळतं.

खांबांमधल्या जागा कुडाने भरत. हेझल नावाच्या झुडपाच्या किंवा फाडलेल्या ओकच्या काठ्यांचं विणकाम, त्यावर माती, काड आणि शेण यांचा लेप, वरून चुन्याचा गिलावा. कोकणात किंवा घाटमाथ्यावर कारवीचा कूड ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही भिंत समजावून सांगावी लागत नाही.

आता तुमची ती जहाजाची तुळई. पुढच्या वेळी गेलात की मोबाइलचा टॉर्च लावून तिची खालची बाजू नीट बघा. दोन प्रकारच्या खुणा सापडण्याची शक्यता मोठी आहे. एक म्हणजे ठरावीक अंतरावर रिकाम्या चौकोनी खाचा. त्यांच्यात एकेकाळी खांब बसलेले होते. दुसरी म्हणजे त्या खाचांच्या मधल्या भागात सामत्याने पाडलेल्या गोल भोकांची ओळ. कुडाच्या उभ्या काठ्यांची वरची टोकं त्यांच्यात खुपसलेली असायची. खालच्या आडव्या लाकडात मात्र भोकं नसतात, सलग खोबण असते, कारण काठी आधी वरच्या भोकात घालून मग खालून खोबणीत सरकवत आणायची. म्हणजे तुमच्या डोक्यावर जी ‘जहाजाची’ तुळई आहे, ती एका नाहीशा झालेल्या भिंतीचा माथा आहे. खाचांची ओळ मध्ये दोन ठिकाणी दाराएवढी रुंद तुटलेली दिसली, तर बोळीतून त्या दोन लहान खोल्यांत जाणारी दारंच सापडली म्हणा. रिकाम्या खाचा बघून लोकांना वाटतं की लाकूड दुसरीकडून आणलं आहे, आणि दुसरीकडून म्हणजे जहाजातूनच. खरं तर लाकूड तिथंच आहे, भिंत गेली आहे. जुनं लाकूड पुन्हा वापरायचे हे खरं, पण ते बहुतेक वेळा दुसऱ्या घराचं किंवा धान्यकोठाराचं. बंदराजवळच्या गावांत जहाजाचं लाकूड वापरल्याची शक्यता धरता येते. पण जवळच्या रानात ओक उभा असताना खाऱ्या पाण्यात मुरलेला, लोखंडाने भोकाभोकांचा झालेला वाकडा तुकडा चिखलातून मैलोन्मैल ओढत कुणी आणला नसता.

वय ओळखायला सगळ्यांत भरवशाची जागा म्हणजे माळा. गिऱ्हाइकाला तिथं सहसा जाता येत नाही, पण मालकाला आवड असेल आणि तुम्ही नीट विचारलंत तर कधी कधी शिडी मिळते. मधल्या खणावरचे वासे पाहायचे. ते चहूबाजूंनी काळे असतील, बोटाला काजळी लागत असेल, आणि टोकाच्या खणावरचे वासे तसे नसतील, तर खाली एकेकाळी उघडी चूल होती आणि घर बहुधा सोळाव्या शतकाच्या मध्याआधीचं आहे. ही काजळी नंतर लावलेल्या काळ्या रंगासारखी दिसत नाही. ती लाकडाच्या भेगांत शिरलेली असते, जोडाच्या कडेपर्यंत गेलेली असते, आणि जिथे पूर्वी दुसरं लाकूड टेकलेलं होतं तिथे स्वच्छ फिकट चौकोन सोडलेला असतो. डेव्हनमध्ये काही घरांत तर छपराच्या अगदी तळाच्या थरातलं काडही त्या काळच्या धुराने काळं झालेलं तसंच शिल्लक आहे. दर पिढीला छप्पर शाकारताना वरचे थर बदलले, तळाला हात लावला नाही. त्या थरात मध्ययुगातल्या गव्हाची आणि ‘राय’ या धान्याची कणसं, शेतातलं तण, सगळं सापडतं. अशी जागा कुणी ‘साफसफाई’ म्हणून उपसून टाकली की जे जातं ते परत आणायचा कुठलाही मार्ग नाही.

सोळाव्या-सतराव्या शतकात या घरांचं रूप बदललं. विटा आवाक्यात आल्या, शेतकऱ्याकडे पैसा आला. साधारण १५७० ते १६४० हा काळ त्यासाठी सांगतात. जमिनीवरच्या चुलीच्या जागी विटांचं किंवा दगडाचं भलंमोठं धुरांडं आलं. पुष्कळदा ते त्या आरपार बोळीतच बसवलं, कारण तीच मोकळी जागा होती. म्हणून काही पबमध्ये दार उघडलं की समोर धुरांड्याची भिंत येते आणि डावीकडे किंवा उजवीकडे वळून खोलीत जावं लागतं. धुराचा प्रश्न सुटल्यावर उंच दालन तसंच ठेवायचं कारण उरलं नाही. मग त्याच्या मध्यावर तुळया टाकून वर मजला केला, निजायच्या खोल्या मिळाल्या. मूळ दालनात ज्या तुळया तुमच्या डोक्याला लागतात त्या अशा आलेल्या आहेत. त्या काळची माणसं बुटकी होती म्हणून छत खाली आहे, ही समजूत मनातून काढून टाका. एका उंच दालनाचे आडवे दोन भाग केले, आणि वाट्याला आलेली उंची दोन्ही मजल्यांनी वाटून घेतली.

या मजल्याच्या तुळयांच्या खालच्या कडा तासून तिरप्या केलेल्या असतात, आणि तिरपी कड भिंतीजवळ जिथे संपते तिथे सुताराने काहीतरी नक्षीदार शेवट केलेला असतो. तुळईचे दोन्ही शेवट दिसत असतील तर खोली मूळ मापाची आहे. एकच शेवट दिसतो आणि दुसऱ्या बाजूला तुळई नुसतीच भिंतीत घुसते, तर ती भिंत नंतरची.

शेकोटीसमोर बसलात तर तिच्यावरचं आडवं लाकूड वाचण्यासारखं असतं. त्यावर पाण्याच्या थेंबाच्या आकाराचे, खाली गोल आणि वर निमुळते जळके डाग असतात. ते अपघाताने पडत नाहीत. मेणबत्ती किंवा वात तिरकी धरून, थांबून थांबून केल्याशिवाय तसा आकार येत नाही हे प्रयोग करून पाहिलेलं आहे. शेजारी कंपासने काढलेली सहा पाकळ्यांची फुलं, एकमेकांत अडकवलेली इंग्रजी ‘व्ही’ची जोडी. धुरांडं ही घरातली कायम उघडी वाट, त्या वाटेने वाईट काही आत येऊ नये म्हणून केलेल्या या खुणा. हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी संस्थेने २०१६ मध्ये लोकांना अशा खुणा शोधून कळवायचं आवाहन केलं होतं. तुमच्या पबमध्ये दिसल्या तर हात फिरवू नका, फोटो काढा.

हे सगळं एकाच छपराखाली बघायचं असेल तर वुस्टरशरमध्ये ईव्हशमजवळ ब्रेटफर्टन नावाचं गाव आहे, तिथल्या ‘फ्लीस इन’मध्ये जा. मध्ययुगात बांधलेलं हे शेतकऱ्याचं लांबट घर, एका छपराखाली माणसं आणि गुरं. बर्ड नावाच्या कुटुंबाचं. १८४८ पर्यंत ते घरच होतं, त्या साली परवाना मिळाला आणि पब सुरू झाला. त्याच घराण्यातल्या लोला टॅपलिन यांनी तो शेवटपर्यंत चालवला आणि १९७७ मध्ये मृत्युपत्राने जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिला. आतल्या खोल्या अजून वेगवेगळ्या आहेत, सगळ्या भिंती पाडून एक मोठा हॉल केलेला नाही. एका खोलीचं नावच ‘ब्रूहाउस’, म्हणजे बिअर गाळायची खोली. चुलीपुढच्या फरशीवर पांढरी वर्तुळं काढलेली आहेत, चेटकिणी धुरांड्यातून उतरू नयेत म्हणून, आणि ती पुसट झाली की पुन्हा गिरवतात. २००४ मध्ये धुरांड्यातली ठिणगी काडाच्या छपरावर पडून आग लागली. वरच्या भागाचं मोठं नुकसान झालं, तळमजला आणि तिथली प्यूटरची, म्हणजे कथलाच्या मिश्रधातूची, जुनी भांडी वाचली, आणि २००५ मध्ये पब पुन्हा उघडला. जळालेल्या भागाची दुरुस्ती करताना नवं लाकूड नवं दिसू दिलं आहे. मला ते फार योग्य वाटतं. कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तेव्हापासून इंग्लंडमधले चांगले दुरुस्तीकार हाच आग्रह धरत आले आहेत: इमारत दुरुस्त करा, तिला खोटं जुनेपण चढवू नका.

१८४८ हे साल योगायोगाचं नाही. खेड्यात घरी बिअर गाळून विकणं फार जुनं, ते बहुतेक बायकाच करत. बिअर तयार झाली की दाराबाहेर काठीला झुडूप बांधायचं. १५५२ पासून त्यासाठी परवाना लागू लागला. पण १८३० च्या कायद्याने कर भरणाऱ्या कोणत्याही घरमालकाला दोन गिनी (दोन पौंडांहून थोडे जास्त) भरून आपल्या घरातून बिअर विकायची मोकळीक दिली, आणि देशभर हजारो घरांच्या पुढच्या खोल्यांत बाकडी पडली. आज खेड्यांत ‘जुना’ म्हणून मिरवणाऱ्या अनेक पबचा पब म्हणून जन्म या लाटेतला आहे. इमारत पंधराव्या शतकातली आणि धंदा एकोणिसाव्या शतकातला, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

ज्याला आपण पबची ओळख मानतो तो बारचा काउंटरही नवाच. शेतकऱ्याच्या घरात काउंटर कशाला असेल? बिअर तळघरातल्या किंवा मागच्या खोलीतल्या पिंपातून जगमध्ये काढून आणून द्यायची. जोसेफ ब्रामाने १७९७ मध्ये बिअर वर खेचणाऱ्या हातपंपाचं पेटंट घेतलं. पिंप तळघरात ठेवून वर उभ्या उभ्या ग्लास भरता येऊ लागला आणि पंप बसवायला एक टेबल लागलं. शहरातल्या दारूच्या दुकानांत आधी काउंटर आले, खेड्यांत ते सावकाश पोचले. काही ठिकाणी अजून पोचलेले नाहीत. सफकमधल्या लॅक्सफील्डच्या ‘किंग्ज हेड’मध्ये शेकोटीभोवती उंच पाठीची बाकडी आहेत आणि बिअर मागच्या खोलीतल्या पिंपातून काढून देतात. सॉमरसेटमध्ये ह्यूइश एपिस्कोपाय गावच्या ‘रोझ अँड क्राउन’मध्ये फरशीच्या तळघरवजा खोलीत जाऊनच घ्यायची. डॉर्सेटमध्ये वर्थ मॅट्रॅव्हर्सच्या ‘स्क्वेअर अँड कंपस’मध्ये भिंतीतल्या खिडकीतून देतात. वेळ काढून बघावेत असे हे पब आहेत. तळघराची जागाही बघा. पिंपातल्या बिअरला बारा अंशांच्या आसपासचा गारवा लागतो, म्हणून ते बहुधा उत्तरेच्या बाजूला असतं. जमिनीतलं पाणी वर असलेल्या गावात ते जमिनीखाली नसतंच, मागची जाड भिंतीची खोली तळघर म्हणून वापरतात.

मुद्दाम पाहुण्यांसाठी बांधलेल्या इमारतीही आहेत, पण त्या वेगळ्या आणि कमी. सॉमरसेटमधल्या नॉर्टन सेंट फिलिपचा ‘जॉर्ज इन’ हे उत्तम उदाहरण. हिंटनच्या कार्थुसियन पंथाच्या ख्रिस्ती मठाने तो चौदाव्या शतकात उभा केला. गावात लोकरीचे बाजार भरत, व्यापारी उतरायला आणि माल ठेवायला जागा हवी होती. खाली दगडी मजला, मध्ये गाडी जाईल असं कमानीचं दार, आणि त्यावर पंधराव्या शतकातले दोन लाकडी मजले, एकावर एक पुढे काढलेले. १६८५ मध्ये राजाविरुद्ध बंड करणारा मॉन्मथचा ड्यूक सेजमूरच्या लढाईआधी इथे उतरला होता. दुसरा प्रकार डेव्हन-सॉमरसेटमधल्या ‘चर्च हाउस’चा. पंधराव्या शतकाच्या शेवटी आणि सोळाव्याच्या सुरुवातीला गावाने चर्चच्या आवाराला लागून एक लांबट घर बांधायचं, खाली बिअर गाळायची आणि पाव भाजायची सोय, वर मोठी खोली. सणाला तिथे बिअर विकून चर्चच्या दुरुस्तीचा पैसा उभा करायचा. पुढे कडव्या प्रॉटेस्टंटांनी ही प्रथा बंद पाडली, आणि इमारती कधी शाळा, कधी गरिबांची घरं, कधी पब झाल्या. चर्चला खेटून असलेला ‘चर्च हाउस इन’ नावाचा पब दिसला की हे लक्षात ठेवा.

दर्शनी भागावर मात्र विश्वास ठेवू नका. अठराव्या शतकात टोलचे चांगले रस्ते झाले, घोडागाड्या धावू लागल्या, आणि रस्त्याकडच्या जुन्या लाकडी घरांनी विटांचा नवा चेहरा चढवला. समोरून सरळ रेषेत खिडक्या, मागे गेलात की सगळा मूळ सांगाडा. छप्पर जास्त उभं असेल, पन्नासेक अंशांचं, तर आज वर कौलं असली तरी पूर्वी तिथे काडच होतं. विटा नेहमीपेक्षा जाड दिसल्या तर १७८४ ते १८५० या काळात विटांवर नगावर कर होता हे आठवा. विटा मोठ्या केल्या की कर कमी भरावा लागायचा.

पांढऱ्या भिंती आणि काळीभोर लाकडं, हे चित्रातलं रूपही बहुतांशी व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. त्याआधी ओक रुपेरी करडा होऊ देत, किंवा लाकूड आणि कूड दोन्हींवर सरसकट चुन्याची सफेदी देत. विसाव्या शतकात दारू कंपन्यांनी नवे पब या थाटात बांधले. त्यांत विटांच्या भिंतीवर पातळ फळ्या खिळ्यांनी मारलेल्या असतात. खुंट्या दिसत नाहीत आणि आतल्या बाजूला त्या लाकडाचा पत्ता नसतो, एवढ्यावरून ते कळतं.

सांगाडा सोडला तर बाकी सगळं स्थानिक भूगर्भ ठरवतो. कॉट्सवोल्ड्समध्ये चुनखडीचा दगड आणि छपरावर दगडीच पाट्या, वळचणीला मोठ्या आणि आढ्याकडे लहान लहान होत जाणाऱ्या, नॉरफकमध्ये गारगोटी, डेव्हनमध्ये मातीच्या जाड भिंती, केंटमध्ये भिंतीवर टांगलेली कौलं.

माझ्या रोजच्या कामातली सगळ्यांत मोठी डोकेदुखी म्हणजे सिमेंट. गेल्या शतकात भेगा बुजवायला आणि ‘मजबुती’ म्हणून जुन्या कुडाच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा मारला गेला. लाकडी सांगाडा हंगामाप्रमाणे हलतो, सिमेंट हलत नाही, म्हणून कडेला केसाएवढी फट पडते. पाऊस तिच्यातून आत शिरतो आणि बाहेर पडायला त्याला वाट मिळत नाही. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडून ठेवतं. पाणी खाली उतरून जोत्यावरच्या आडव्या तुळईत मुरतं, आणि सगळे खांब उभे असतात त्याच तुळईवर. मी काम पाहत असलेल्या एका पबमध्ये बाहेरून भिंत नुकती रंगवलेली, कोरी करकरीत होती. सिमेंट काढल्यावर जोत्याच्या तुळईत साधा स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. वरचे दोन खांब प्रत्यक्षात गिलाव्याच्या पापुद्र्यावर तोलले होते. तिथे खराब भाग कापून तेवढाच नवा ओक जोडला, खांबांची पायथ्याची कुजकी टोकं कापून नवे तुकडे तिरक्या जोडाने बसवले, कूड पुन्हा विणला, बकरीचे केस घातलेला चुन्याचा गिलावा केला. चुना थंडीत करता येत नाही; सुकायच्या आत तो गोठला तर सगळा सुटून येतो. म्हणून हे काम वसंतापासून शरदाच्या सुरुवातीपर्यंत उरकावं लागतं, आणि नेमका तोच पबवाल्याचा गर्दीचा मोसम. त्यांची अडचण मला समजते. तरीही ‘पटकन सिमेंट मारून टाकू’ याला मी होकार देत नाही.

भिंती वाकड्या आहेत म्हणून मात्र घाबरायचं कारण नसतं. ओल्या ओकचा सांगाडा वाळताना पिळवटतो, आणि बराचसा वाकडेपणा पहिल्या काही वर्षांतच आलेला असतो. धोका असतो तो नंतर कुणीतरी दार मोठं करायला मधलं लाकूड कापलं असेल तर.

कायद्याचं संरक्षण चांगलं आहे, पण ते संरक्षित इमारतींच्या राष्ट्रीय यादीत नाव असेल तरच. १७०० पूर्वीची, मूळ रूप बऱ्यापैकी राखलेली जवळजवळ प्रत्येक इमारत यादीत घेतली जाते, आणि संरक्षण आतल्या भागालाही असतं; परवानगीशिवाय तुळई कापणं हा फौजदारी गुन्हा आहे. यादीबाहेरच्या पबचं काय होतं ते स्टॅफर्डशरमध्ये हिमलीच्या ‘क्रुकेड हाउस’ने दाखवलं. १७६५ चं शेतघर, खाणींमुळे जमीन खचून कललेलं, पुढे पब झालेलं. ऑगस्ट २०२३ मध्ये ते जळालं आणि दोन दिवसांत पाडलं गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कौन्सिलने ते होतं तसं पुन्हा बांधायचा आदेश काढला. लंडनमधल्या ‘कार्ल्टन टॅव्हर्न’च्या बाबतीत असा आदेश खरंच अमलात आला होता: २०१५ मध्ये पाडलेला पब २०२१ मध्ये पुन्हा उघडला. पण सहा पाकळ्यांचं फूल किंवा काजळी धरलेला वासा आदेशाने परत येत नाही. म्हणून आपल्या गावातला पब यादीत आहे का हे गावकऱ्यांनी आधीच बघून ठेवलं पाहिजे.

तुमच्या पबपुरतं काय करता येईल ते सांगते. हिस्टॉरिक इंग्लंडची यादी इंटरनेटवर मोफत आहे. गावाचं नाव टाकलं की इमारतीचं वर्णन मिळतं, त्यात शतक, खणांची संख्या, नंतरचे बदल असतात. ते वाचून मग पबमध्ये जा आणि तुळईची खालची बाजू, शेकोटीचं लाकूड, मागची भिंत अशी ओळीने बघा. नेमकं वर्ष हवं असेल तर वर्षवलयांची तपासणी लागते: पेन्सिलीएवढ्या जाडीचा नमुना लाकडातून काढतात, वलयांची रुंदी ठाऊक असलेल्या क्रमाशी ताडून बघतात, आणि सालीखालचं शेवटचं वलय शिल्लक असेल तर झाड कोणत्या हिवाळ्यात तोडलं इथपर्यंत उत्तर मिळतं. हा निर्णय मालकाचा.

पब म्हणून वय शोधायचं तर काउंटीच्या दप्तरखान्यात जा. तिथे बिअर विकणाऱ्यांचे परवाने असतात, आणि १८३६ च्या कायद्यानंतर चर्चच्या करासाठी काढलेले गावोगावचे नकाशे असतात. त्या नकाशांसोबतच्या तक्त्यात प्रत्येक घराचा मालक, राहणारा आणि वापर लिहिलेला असतो. त्यापुढे १८४१ पासून दर दहा वर्षांची जनगणना नावानिशी आहे. एका गणनेत त्या घरातल्या कर्त्या माणसापुढे नुसतं ‘शेतकरी’ आणि पुढच्या गणनेत ‘शेतकरी व बिअरविक्रेता’ असं सापडलं, तर घराचा पब त्या दहा वर्षांत झाला असं बऱ्याच भरवशाने म्हणता येतं.